शिंपीणबाईंची पाहुणी

परदेशी विद्यार्थ्यांना घरी ठेवणाऱ्यांच्या यादीत शिंपीणबाईंचं नाव वाचून शेजारीण हसली. “तुला त्यांची भाषा कुठे येते?” मग बाईंनी स्वागताचं वाक्य आठवडाभर शिवता शिवता घोकलं. घाट चढून बस जुन्या गावाच्या दगडी वेशीशी थांबली. शेवटी उतरली ती बाईंच्या वाट्याची पोर, पांढरीफटक. बाईंनी तोंड उघडायच्या आत तिला भडभडून उलटी झाली, तीही बाईंच्या नव्या कोटावर. पोर तोंड झाकून रडू लागली. मुलांसोबत बसमधून आलेले मास्तर ओशाळले. “हिला दुसऱ्या घरी पाठवू का?” “उलटी झाली म्हणून कोणी पोर परत करतं का?” बाई कडाडल्या. घोकलेलं वाक्य त्या केव्हाच विसरल्या होत्या. वेशीजवळच्या नळावर त्यांनी पोरीचं तोंड धुतलं, आपल्याच भाषेत म्हणाल्या, “चल गं, घरी जाऊ.” पोरीनं हात धरला, तो बाईंच्या घरापर्यंतच्या दीडशे पायऱ्या चढेपर्यंत सोडला नाही.