एका ओळीत न मावणाऱ्या बायका

सत्यभामाच्या पत्राला कमलाकांतांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ते लिहायला बसत, दोन शब्द लिहीत आणि कागद फाडत. जठारपेठेतल्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते झोपेतही सांगतील, पण खोली कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात नव्हतं. सत्यभामा पातूरची, लग्न होऊन अकोल्याला माळ्यांच्या घरी आलेली. तिला सातवीची परीक्षा द्यायची होती. पास झाली तर मास्तरीण होता येणार होतं. घरात मेथीच्या जुड्या आणि माणसं यांतून पाटीपुरतीही जागा उरत नव्हती. वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असते, तिथे बायकांना बसू द्याल का, एवढंच तिने विचारलं होतं.

अध्यक्ष बापूसाहेब वकिलांना त्याच खोलीत पत्त्यांचं टेबल मांडायचं होतं. निकाल वार्षिक सभेत मतांनी लागणार होता. छापील यादीत ज्याचं नाव त्यालाच मत, हा नियमही बापूसाहेबांनीच करून घेतला होता. माळ्यांच्या बायका वर्गणी भरून सभासद झाल्या. ते पाहून बापूसाहेबांनी वकील मंडळींना आपापल्या बायकांचे अर्ज गठ्ठ्याने भरायला लावले.

आणि आता यादीच छापता येईना.

यादी वार्षिक अहवालात जायची होती आणि एका पेठेला एक पान ठरलं होतं. पण पेठेच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुढच्या पानावर सांडत आणि ते पान बाकी कोरं राही. अहवाल दुप्पट जाड झाला. छापखान्याच्या खुशालरावांनी ओळींमध्ये अंतर राखणाऱ्या शिशाच्या पट्ट्या काढल्या, टाइप बारीक केला, समास कापला. तरी ओळी सांडतच राहिल्या. अहवालाची सुरुवातीची पानं अध्यक्षांच्या भाषणाने आणि छायाचित्राने अडवली होती. ती कमी करा असं म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

"साहेब, काई नावं एका ओळीत मावूनच नाई राहिली," खुशालराव म्हणाले.

"कोणाची?"

"बायकाइची."

बापूसाहेब हसले. "मळ्यातल्या असणार. यांना साधं नाव सांगता येत नाही. नवऱ्याचं, सासऱ्याचं, बैलाचंसुद्धा सांगतील. एका ओळीत मावत नाही ते नाव काढून टाका. आणा, सही करतो."

कमलाकांतांच्या हातात यादीचा कच्चा छापा होता. "साहेब, ती नावं एकदा डोळ्यांखालून घातली असती..."

"कमलाकांत, तुम्ही पुस्तकं वाचा. माणसं मला वाचता येतात."

कमलाकांत गप्प बसले. गप्प बसणं त्यांना जन्मभर जमलं होतं. या वेळी पहिल्यांदाच त्यांना त्याची लाज वाटली नाही.

सभेच्या दिवशी माळ्यांच्या बायका पायी आल्या, वकिलांच्या बायका टांग्यातून. सत्यभामाची सासू तानुबाई पुढच्या सतरंजीवर बसली होती. बापूसाहेबांनी तिला मोठ्याने विचारलं, "काय हो, वाचनालयाच्या सभासद तुम्ही, वाचता येतं का?"

"वाचाले सून हाय," तानुबाई म्हणाली. "हात वर कराले मी हाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात दारात गलका झाला. यादी घेऊन बसलेल्या कमलाकांतांनी वकिलांच्या बायकांना अडवलं होतं. एकीचंही नाव यादीत नव्हतं.

"ही माझी पत्नी आहे," बापूसाहेब तिथे येऊन म्हणाले.

"हो साहेब. पण अर्जावर आपण 'श्रीमान बापूसाहेब, बी.ए., एलएल.बी., वकील व अध्यक्ष, यांचे कुटुंब' असं लिहिलं होतं." कमलाकांत आज थांबले नाहीत. "सगळ्याच वकीलसाहेबांनी तसं लिहिलं. घरच्या बाईचं नाव चारचौघांत आणायचं नाही, ही आपली रीत. त्या ओळी मावल्या नाहीत. माळणींनी नुसती नावं सांगितली. ती मावली."

बापूसाहेबांनी यादी हिसकून घेतली. तिच्यावर त्यांचीच सही होती. छापील यादीचा नियम कोणी केला हे सभेत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून यादीबाहेरच्यांना मत द्यायचं का, हे कोणी त्यांना विचारलंही नाही. हात वर झाले. खोली बायकांना मिळाली.

बापूसाहेब टांग्याकडे तरातरा निघून गेले. त्यांची पत्नी दारापाशी थांबली. पदर सावरत ती हळूच म्हणाली, "भाऊजी, माझं नाव अनसूया. तानुबाईंच्या त्या सुनेला माझं एक काम सांगाल का? घरी विचारत आले, पण यांना कधी सवड झाली नाही."

तिने काम सांगितलं आणि ती टांग्यात जाऊन बसली.

संध्याकाळी कमलाकांतांनी सत्यभामाला कार्ड लिहिलं. या वेळी काही फाडलं नाही. ते स्वतः चालत जाऊन टपालाच्या पेटीत टाकून आले. कार्डावर एवढंच होतं: "सोमवारपासून दुपारी खोली तुमची. सोबत एक विद्यार्थिनी बसेल. वकीलसाहेबांच्या घरची आहे, तिला बाराखडीपासून शिकवावं लागेल."