चुंबक उलटल्यावर

चुंबकाची दिशा उलटली की कोबाल्टच्या गॅमा किरणांची मोजणी किंचित घटायची. त्याच फरकावर शर्वाणीचा प्रबंध उभा होता. व्हायवाच्या सकाळी, पडताळा म्हणून, तिने कोबाल्ट काढून सिझियम लावलं. त्याच्या मोजणीत फरक पडायलाच नको होता. पडला, आणि तेवढाच.

"सर, हा फरक किरणांचा नाहीच. चुंबक आपल्या डिटेक्टरलाच गंडवतोय."

गाइड सर टाय बांधत राहिले. "परीक्षक आलेत. कोबाल्ट परत लाव."

तिने लावलं नाही.

परीक्षकांनी स्वतः चुंबक उलटा केला. मोजणी घटली. "वा, कोबाल्ट कसं बोलतंय," म्हणत त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर."

कोबाल्ट मागे शिशाच्या डबीत बंद होतं. ते सांगायला शर्वाणीने तोंड उघडलं आणि सरांनी टाळ्या सुरू केल्या.