मारका बैल

धर्मराजच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा "बैलानं मारलं" म्हणून त्यानं सांगितलं. गावानं लगेच गरीब जनावराला मारकं ठरवलं, आणि बायकोनं बजावलं, "विकल्याशिवाय घरी यायचं न्हाई." भोकरदनच्या बाजारात शेतकरी लांबूनच जात होते, खाटीक तेवढा खुंट्याजवळून हलेना. शेवटी एका म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणे रुमालाखाली धर्मराजचा हात धरून बोटांनी भाव सांगितला. "खरं बोला पाव्हणं, मारतो का?" धर्मराजनं खाटकाकडं पाहिलं. "बैल न्हाई बाबा, बायको मारती. ही खूण फुंकणीची." सगळा बाजार खिदळला. शेजारचा दलाल ओरडला, "बैलाचे दात कशाला मोजता, मालकाचे मोजा!" म्हातारा हसला नाही. त्यानं हात बाहेर काढून धोतराला पुसला. "बैल चांगलाय. पण असल्या गड्याशी सौदा न्हाई. घरची धनीण पाठव, मंग बोलू." रुमालाखाली उरलेला धर्मराजचा हात मग खाटकानंच आपल्या हातात घेतला.