मोजताना बोलायचं नाही

पट्टा फुगू लागला आणि मुलीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

रक्तदाब मोजताना बोलायचं नाही, बोललं की आकडा वाढतो, हा त्यांच्या घरचा नियम. घरी आई मोजायची. इथे खाटेशेजारचं यंत्र आपलं आपण मोजत होतं, मनाला येईल तेव्हा.

फुस्स. पट्टा सैल पडला.

"काय म्हणत होतीस?" शिंपीबाबांनी विचारलं. एका कानामागचे केस भादरल्यामुळे ते तेवढ्या बाजूने पोरगेले दिसत होते.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं की. डोक्यात एक रक्तवाहिनी वाकडी होऊन मज्जातंतूवर दाबून बसलीय. मध्ये स्पंजाचा तुकडा घालणार. म्हणजे अस्तरच. जन्मभर लोकांना लावलं, आता मला."

"उलटं लावू नका म्हणावं," आई म्हणाली. हसली नाही.

"ते नाही हो. दाब वाढतो तो बहुतेक त्या रक्तवाहिनीमुळे, असं म्हणाले ते. कुणाच्या वागण्यामुळे नाही." मुलीने खाटेचा कठडा धरला. "आई सगळ्यांना सांगते, मी लग्न करून गेले तेव्हापासून तुमचा आकडा उतरलाच नाही. तुम्हालाही तसंच वाटतं का? माझ्यामुळे..."

पट्टा

फुगला.

बाबांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. सवयीने. आई आकड्याकडे बघत होती. बाबाही. मुलगी बाबांकडे.

फुस्स.

बोट खाली आलं. बाबांनी तोंड उघडलं, आणि दारातून स्ट्रेचर आत आलं.

"चला काका, बोलावलंय." दोघा वॉर्डबॉयनी भराभर पट्टा सोडला, वायरी काढल्या, बाबांना अलगद उचलून पलीकडे घेतलं.

ती चाकांबरोबर दारापर्यंत गेली. "बाबा, एवढं सांगून जा ना."

"आल्यावर," बाबा म्हणाले. "आल्यावर निवांत बोलू."

स्ट्रेचर वळलं. चाकांचा आवाजही गेला.

आई खाटेवरची चादर सारखी करत होती. वर न बघता म्हणाली, "पाहिलास ना शेवटचा आकडा? जाता जाता वाढवलासच."

"आई, आत्ताच डॉक्टरांनी..."

रिकाम्या खाटेवर पडलेला पट्टा आपोआप फुगू लागला.

दोघी गप्प झाल्या.