मर्यादवेल तोडताना

हवाईतल्या मोलोकाई बेटावर नोहेआच्या अंगणातली वाळू सारखी घरात उडायची, आणि लेक तर आता रांगायला लागली होती. वाळू धरून ठेवायला म्हणून नोहेआ समुद्राकाठची मर्यादवेल आणायला गेली. तिथल्या रीतीप्रमाणे वेलीला “घेऊ का?” म्हणाली आणि सपासप कापून मोकळी झाली.

लावायला मदतीला आलेले शेजारचे केकोआकाका वेल बघून थबकले. “विचारलंस?”

“विचारलं की!”

“आणि उत्तरासाठी थांबलीस?”

“आता वेलीच्या तोंडाकडे बघत बसू का, काका?”

काका वेलीला हात न लावताच परतले.

नोहेआने एकटीनेच वेल लावली. महिन्याभरात ती थेट पायरीपर्यंत आली. आज लेकीला पायरीवर बसवून नोहेआ दुधाची बाटली आणायला आत वळली, तोच मागून अगदी तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, “घेऊ का?”

आणि उत्तरासाठी थांबलं नाही.