गोळ्याचा प्रश्न

मानवजातीने अखेर असा तोफगोळा घडवला, जो विचारल्याशिवाय कोणाच्याही अंगावर पडत नाही. फक्त त्याचं मराठी बेताचं होतं.

समुद्रात लष्करी सरावाच्या पट्ट्याजवळ जोमा तांडेल मेहुण्याबरोबर जाळं ओढत होता. तेवढ्यात वायरलेस बोलला, "नमस्कार. मी आकाशातून गोळा बोलतोय. आपली होडी रिकामी आहे का?"

"रिकामीच रे बाबा," जोमा म्हणाला. हल्ली बंदरावर कोणीही विचारलं, की तो हेच सांगायचा.

"आभारी आहे. येतो."

मेहुणा पद्मन ओरडला, "दाजी, तो माणसांचं विचारत व्हता, मासळीचं नाय!"

जोमाला धक्का बसला नाही. यंदा त्याला कशाचाच बसत नव्हता. त्याने सावकाश माइक उचलला. "आम्ही दोघं हाव रे होडीत."

"पण आपण रिकामी म्हणालात."

"मासळी नाय, म्हणून रिकामी."

वर शिट्टी ऐकू येऊ लागली होती. पद्मनने डोळे मिटले.

"क्षमस्व," गोळा म्हणाला. "पलीकडे वळतो."

"वळ. आणि पडायच्या आधी वरून जरा बघ, कुठं बांगडा दिसतो काय."