भुवईवरचं मीठ

“बाबा, विकायचं सूप तुम्ही कधीच का चाखत नाही?” ‘हिंमत असेल तर विचार’ असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून लेकीने सकाळीच विचारून टाकलं. “भोचकपणा पुरे!” आई कडाडली. बाबांनी भोपळ्याच्या सुपात फिरणारा डाव थांबवला. “मोठ्या तापात चव गेली, ती परतलीच नाही.” “मग मीठ कसं कळतं?” “आई चाखते, मी तिच्या भुवया बघतो. एक चढली, की अळणी. दोन्ही चढल्या, की खारट.” ती खदखदून हसली आणि मध्येच थबकली. “आई, म्हणूनच तू दवाखान्यातली सकाळची नोकरी नाकारतेयस?” आई गाजरं आणखी जोरात किसू लागली. लेकीने चमचाभर सूप फुंकर घालून चाखलं, एक भुवई चढवायला गेली, तर कानच हलले. शेवटी तोंडानेच सांगितलं, “अळणी आहे, बाबा. आणि आई, तू नोकरी धर. उद्यापासून चाखायला मी उठणार.”